हत्तींचे स्मशान : समज व शास्त्र

मरणाची चाहूल लागताच म्हातारा हत्ती कळप सोडून पूर्वजांच्या गुप्त स्मशानाकडे जातो व तेथे हस्तिदंतांच्या राशी पडलेल्या असतात, ही समजूत जुनी आहे. सिंदबादच्या सफरींतही ती आढळते. सन २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरल्यापासून नागपूर विभागातील मुलांनी याविषयी विचारणे साहजिक आहे.

असे स्मशान आजवर कोणास सापडलेले नाही. गोष्ट सुरस आहे, म्हणूनच ती टिकली. मात्र पाणथळ जागी हत्तींची हाडे एकत्र आढळतात, आणि त्याचे एक कारण दाढांत आहे. मनुष्याचे पक्के दात दुधाच्या दातांखालून वर येतात. हत्तीची नवी दाढ मागून पुढे सरकत येते. जबड्याच्या प्रत्येक बाजूस आयुष्यभरात अशा सहाच दाढा येतात. साठीच्या सुमारास शेवटची झिजली की फांद्या व साली चावता येत नाहीत. मग तो मऊ गवतासाठी पाण्याकाठी रेंगाळतो व अखेर तेथेच पडतो. दुष्काळात आटत्या पाण्याभोवतीही अनेक हत्ती मरतात. एरवी रानात सांगाडे क्वचितच दिसतात, कारण तरस व गिधाडे मांस संपवितात आणि साळिंदर हाडे कुरतडते.

तथापि हत्ती मृतांविषयी उदासीन असतो, असे नव्हे. केनियातील अंबोसेली येथील प्रयोगांत (प्रसिद्धी २००६) हत्तींनी गेंडा व रानम्हैस यांच्या कवट्यांपेक्षा हत्तीच्या कवटीकडे अधिक लक्ष दिले. आप्ताची कवटी मात्र त्यांनी वेगळी ओळखल्याचे दिसले नाही.

पाठ घेताना मुलास आपल्या पडलेल्या दाताची जागा आरशात पाहावयास सांगावी. नवा दात कोठून येतो, हे त्याने स्वतः पाहिले म्हणजे हत्तीच्या दाढेची निराळी रीत फळ्यावर दाखविणे सोपे जाते.