सहायक जनित्र आणि इन्व्हर्टर : दोष कोठे शोधावा?

जबलपूर येथे मध्य प्रदेशाचे राज्य भार-प्रेषण केंद्र आहे. राज्यातील वीजकेंद्रांनी कोणत्या घटकेस किती वीज पुरवावयाची, याचे नियमन तेथून अहोरात्र चालते. तेथील नियंत्रकांचे लक्ष एका आकड्यावर सतत खिळलेले असते. तो आकडा म्हणजे ५०. घराघरांत येणारा प्रत्यावर्ती प्रवाह एका सेकंदात पन्नास आवर्तने पूर्ण करतो. या संख्येस वारंवारता म्हणतात व ती हर्ट्झ या एककात मोजतात. आपल्या देशाच्या विद्युत्-जालात ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात राखावी, असा नियम आहे.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाल उर्वरित देशाच्या जालाशी एकरूप झाले. तेव्हापासून जबलपूरनजीकच्या बरगी धरणावरील जनित्रे आणि तमिळनाडूतील जनित्रे एकाच तालावर फिरत आहेत. अशा अवाढव्य जालात कोणी पाण्याचा पंप चालू केला, तर त्याचा भार असंख्य यंत्रे मिळून उचलतात आणि तालात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. परंतु जेथे जाल पोहोचलेले नाही, तेथे एकुलत्या एका लहान जनित्रास हा भार एकट्याने सोसावा लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले बहुतेक दोष या एकाच गोष्टीतून उद्भवतात.

एका दवाखान्याचे उदाहरण

समजा, जबलपूरहून नर्मदेच्या वरच्या अंगास, मंडला जिल्ह्यातील डोंगराळ भागात एक लहानसा दवाखाना आहे आणि त्याची वीज जालातून येत नाही. छपरावरील सौर तक्ते दिवसा ४८ व्होल्टची बॅटरी भारित करतात. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करण्याचे काम इन्व्हर्टर करतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा वेळेसाठी ५ किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे डिझेल जनित्र ठेवलेले आहे. ते चालू झाले म्हणजे इन्व्हर्टरने त्याची वीज आत घ्यावी, दवाखान्यास पुरवावी आणि त्याच वेळी बॅटरीही भारित करावी, अशी योजना असते.

श्रावणातील एका संध्याकाळी बॅटरी उतरते. जनित्र सुरू केले जाते व त्याला थेट जोडलेला दिवा लख्ख पेटतो. मात्र इन्व्हर्टर ‘टक्’ असा आवाज करून वीज घेतो, काही क्षणांत पुन्हा ‘टक्’ आवाज करून ती सोडतो. हा क्रम सारखा चालू राहतो. शीतकपाटात ठेवलेल्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच सुरक्षित राहतात. रात्र संपण्यापूर्वी दोष सापडला नाही, तर त्या वाया जाण्याचा धोका आहे. दिवा पेटतो म्हणून जनित्र निर्दोष व इन्व्हर्टर बिघडलेला, असा निष्कर्ष येथे बहुधा काढला जातो. तो घाईचा असतो.

इन्व्हर्टर वीज का नाकारतो?

तापतंतूच्या दिव्यास ४६ हर्ट्झची वीज चालते. इन्व्हर्टरचे तसे नाही. येणाऱ्या विजेचा दाब आणि वारंवारता तो सतत तपासतो; दोन्ही ठरलेल्या मर्यादेत असतील तरच दार उघडतो. आपल्या उदाहरणातील इन्व्हर्टरच्या मर्यादा १८० ते २६५ व्होल्ट आणि ४७ ते ५३ हर्ट्झ अशा आहेत असे मानू. वीज नाकारणे ही त्याने जोडलेल्या उपकरणांची केलेली राखण होय. म्हणून ‘इन्व्हर्टर का चालत नाही?’ असे न विचारता ‘त्याची कोणती अट पाळली गेली नाही?’ असे विचारावे.

जनित्राची वारंवारता केवळ त्याच्या वेगावर अवलंबून असते. ध्रुवांच्या संख्येस दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून १२० ने भागले म्हणजे वारंवारता मिळते. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटास १५०० फेरे घेत असेल, तर ती ५० हर्ट्झ येते. वेग १३८० फेऱ्यांवर उतरला, तर ४६ हर्ट्झ. दाबाची गोष्ट निराळी आहे. तो राखण्यासाठी बहुतेक जनित्रांत स्वयंचलित दाबनियामक बसविलेला असतो. यावरून निदानाचे एक उपयुक्त सूत्र हाती येते : भार घातल्यावर वारंवारता घसरली, तर दोष इंजिनाकडे किंवा भाराच्या अतिरेकाकडे शोधावा, वारंवारता स्थिर राहून दाब तेवढा घसरला, तर दाबनियामकाकडे किंवा तारांकडे.

तपासणीचा क्रम

प्रथम सुरक्षितता. जनित्र बंद खोलीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वासही नाही, आणि तो प्राणघातक आहे. जनित्राची तार इन्व्हर्टरच्या आगम बाजूसच जोडलेली असावी. निर्गम बाजूस चुकून जोडल्यास इन्व्हर्टर जळू शकतो. तारांचे काम जाणत्या वीजतंत्र्यानेच करावे.

दुसरी पायरी म्हणजे दोन्ही यंत्रे विलग करणे. जनित्र एकटेच चालवून प्रथम भाराविना, मग विद्युत्-शेगडीसारख्या साध्या भारावर दाब व वारंवारता मोजावी. साध्या यांत्रिक वेगनियंत्रकाचे जनित्र भाराविना ५२ हर्ट्झ व पूर्ण भारावर ५० हर्ट्झ देत असेल, तर ते उत्तम स्थितीत आहे असे समजावे. वारंवारता याहून फार खाली जात असेल, तर इंधनाची व हवेची गाळणी तपासावी. महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी व गाळ साचतो आणि गाळणी तुंबून इंजिनाचा जोर कमी होतो.

तिसरी पायरी तारांची. जनित्र दूर असून तार बारीक असेल, तर वाटेतच दाब पडतो. म्हणून भार चालू असता एकदा जनित्रापाशी आणि एकदा इन्व्हर्टरपाशी दाब मोजावा. दोन आकड्यांत मोठा फरक आढळला, तर तार बदलावी व सैल सांधे आवळावेत.

चौथी पायरी बॅटरीच्या भारणाची. आपल्या दवाखान्यातील दोष नेमका येथेच सापडतो. भारण-प्रवाह ६० अँपिअरवर ठेवलेला आहे. भारणाचा दाब ५४ व्होल्ट धरला, तर बॅटरीत जाणारी शक्ती ६० × ५४ म्हणजे ३२४० वॅट होते. भारकाची कार्यक्षमता ९० टक्के व शक्तिगुणक ०.७५ धरल्यास जनित्रावर ४८०० व्होल्ट-अँपिअर भार येतो. जनित्राची नोंदलेली क्षमता ५००० आहे. परंतु अशा यंत्रांची क्षमता सामान्यतः २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेली असते. मे महिन्यात जबलपूरचा पारा ४० अंशांपुढे जातो. त्या उष्णतेत तेच यंत्र कमी शक्ती देते. त्यात गाळणी अर्धवट तुंबलेली, आणि वर शीतकपाट व पंप यांचा भार. अर्थात् इन्व्हर्टरने वीज घेताक्षणी इंजिनाचा वेग घसरतो व वारंवारता ४७ च्या खाली जाते. इन्व्हर्टर वीज सोडतो. ओझे उतरताच इंजिन सावरते. वारंवारता योग्य दिसताच इन्व्हर्टर पुन्हा वीज घेतो. ‘टक्-टक्’ या आवाजाचा उलगडा हा असा आहे. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी शहाणी आहेत. बिघाड आहे तो त्यांच्या जुळणीत.

उपायास नवे यंत्र लागत नाही. भारण-प्रवाह २० अँपिअरवर आणला, तर वरील हिशेबानेच भार १६०० व्होल्ट-अँपिअर होतो. बॅटरी सावकाश भरेल, परंतु निश्चित भरेल. पुढे प्रवाह थोडाथोडा वाढवीत प्रत्येक वेळी वारंवारता पाहावी आणि ती डळमळू लागण्यापूर्वीच थांबावे. काही इन्व्हर्टर वीज योग्य असूनही ती स्वीकारण्यापूर्वी थोडा वेळ थांबून खात्री करून घेतात. तेवढा धीर धरावा.

नोंदवहीचे महत्त्व

सहायक जनित्राची गरज पडते ती बहुधा दीर्घ विश्रांतीनंतर, आणि सर्वांत अडचणीच्या वेळी. म्हणून महिन्यातून एकदा ते अर्धा तास चालवावे. मात्र भाराविना चालवू नये. अत्यल्प भारावर डिझेल पुरते जळत नाही व काजळी साचते. निम्मा भार द्यावा. प्रत्येक वेळी तारीख, भाराविना व भारासह दाब आणि वारंवारता हे आकडे वहीत लिहावेत. जूनमध्ये निम्म्या भारावर ५१ हर्ट्झ दाखविणारे यंत्र ऑगस्टमध्ये त्याच भारावर ४८ दाखवू लागले, तर गाळणी बदलण्याची वेळ आली हे त्या वहीवरून कोणासही समजेल, आणि तेही इन्व्हर्टरने वीज नाकारण्यापूर्वी.