शब्द कानी पडतो तेव्हा

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतली गोष्ट. इतिहासाच्या तासाला आम्ही बाबासाहेबांचे वतन विधेयक शिकवीत होतो. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून त्यांनी ते १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. "वतन म्हणजे काय?" असे आम्ही एका विद्यार्थ्यास विचारले. "देश, सर," तो उत्तरला. वर्ग हसला. आम्हीही, सांगताना संकोच वाटतो, लक्ष नाही म्हणून त्याला रागावलो.

मानसशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरी पुढे डेव्हिड स्विनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७९ सालचा एक प्रयोग वाचनात आला आणि तो मुलगा आठवला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, तसेच चोरून संभाषण ऐकण्याचे छुपे यंत्र. कोळी, झुरळे यांचा उल्लेख असलेल्या वाक्यात हा शब्द श्रोत्यांना ऐकविला आणि त्याच क्षणी पडद्यावर काही अक्षरे दाखविली. ती खरा शब्द आहेत की निरर्थक जुळणी, एवढेच त्यांनी ठरवायचे. 'मुंगी' लवकर ओळखली गेली, यात नवल नाही. परंतु 'हेर' हा शब्दही 'शिवणे' या असंबद्ध शब्दापेक्षा लवकर ओळखला गेला! वाक्य किड्यांचे असूनही दुसरा अर्थ जागा झाला होता. तीन अक्षरे उच्चारण्याइतका वेळ जाऊ दिला, तेव्हा मात्र 'मुंगी'चाच लाभ उरला, 'हेर' मावळला होता.

आपल्या 'मान' शब्दाचेही असेच होत असावे. शरीराचा अवयव आणि सन्मान, दोन्ही अर्थ क्षणभर उभे राहतात आणि आपल्याला कळण्यापूर्वीच एक मागे सरतो. संदर्भ निवड करतो खरा, पण जे मनात साठले आहे त्यातूनच. आमच्या विद्यार्थ्याजवळ 'वतन' शब्दाचा हिंदी गाण्यांतून आलेला एकच अर्थ होता. त्याचे मन आळशी नव्हते. ते अचूक चालले होते.

दुसऱ्या दिवशी, केवळ पाठ पुढे न्यावयाचा म्हणून, आम्ही तो शब्द उलगडून सांगितला : रात्रंदिवस गावकीची कामे, सरकारी निरोप पोचविणे, मेलेली गुरे ओढणे आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते. तो मुलगा खाली मान घालून ऐकत होता. तास संपल्यावर टेबलाशी आला.

"सर, आमच्या आज्याकडं तराळकी होती. ती म्हणजेच वतन का?"