फटफटीचा डबल स्टँड : घरच्या घरी बसवणे आणि जुळवणे



बेणे, खोडवा, ठिबक यांवर आपण या पानावर नेहमी वाचता. या खेपेचा विषय जरा वेगळा आहे, पण वावराबाहेरचा नाही. आपल्या सेलू भागात घोराडकडे जा, हिंगणीकडे जा की केळझरकडे, धुऱ्याला एखादी फटफटी उभी दिसतेच. तिच्यावर युरियाची गोणी येते, दुधाच्या कॅन जातात, ठिबकच्या नळीचे वेटोळे येते, आणि तोडणी सुरू झाली की वाढ्यांचा भारा येतो. बंडीचे निम्मे काम आता तिनेच उचलले आहे. बंडीचे बैल सोडताना दांडीखाली टेकण लावल्याशिवाय आपण हात काढत नाही. फटफटीचे टेकण म्हणजे तिचा डबल स्टँड. पण तो मोडेपर्यंत त्याच्याकडे कोणी वाकूनही पाहत नाही.

स्टँड खराब झाला तर काय होते? एक तर उभी गाडी पडते. टाकीवर लेकरू बसवून आपण पिशवी घ्यायला वळतो आणि तेवढ्यात गाडी पुढे सरकून आडवी होते. दुसरा प्रकार याहून वाईट. स्प्रिंग तुटली की चालत्या गाडीचा स्टँड खाली लोंबतो. गावरस्त्यावर नुसता खडखड आवाज येतो म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पण वर्धा-नागपूर रस्त्याला लागल्यावर, वेगात असताना, तोच स्टँड गतिरोधकाला अडकला तर मागचे चाक उचलले जाते आणि मागून ट्रक येत असतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या कामासाठी एवढी जोखीम घेऊ नये.

स्टँड काम कसे करतो ते आधी पाहू, कारण ते कळल्याशिवाय जुळवणी जमत नाही. गाडी उचलली जाते ती हाताच्या जोराने नाही. स्टँड ही पहारच आहे. दोन्ही पाय जमिनीला लागले की आपण पायपट्टीवर अंगाचे वजन टाकतो, गाडी त्या पायांवरून वर चढते आणि थोडी मागे जाऊन बसते. गाडी बसल्यावर स्टँडचे पाय त्याच्या वरच्या आसापेक्षा किंचित पुढे असतात. त्यामुळे गाडीचे वजन पायांना आणखी पुढे रेटते, आणि फ्रेमवरचा अडथळा त्यांना तेथेच थांबवतो. गाडी स्थिर राहते ती या पुढच्या तिरकेपणामुळे. अडथळ्याचा ठोकळा झिजला किंवा स्टँड वाकला की पाय फार पुढे जातात, गाडी खाली बसते आणि मागचे चाक जमिनीला टेकते. उलट, अडथळ्यावर कोणी जादा वेल्डिंगचा गोळा चढवला तर पाय जवळजवळ उभेच राहतात. मग गाडी उंच दिसते खरी, पण शेळीने अंग घासले तरी स्टँडवरून उतरते.

सपाट फरशीवर गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागून पाहा. मागचे चाक साधारण दोन बोटे अधांतरी हवे. गाडी एका बाजूला कलत असेल तर एक पाय जास्त झिजला आहे. गाडी सरळ आहे पण सीटला धरून हलवल्यावर कट-कट वाजते, तर आसाचे भोक किंवा बुश खाल्लेला आहे. स्टँड शाबूत असूनही चाक उचलत नसेल तर टायर किंवा शॉकअप कोणते लावले ते आठवा. जादा ओझ्यासाठी आपल्याकडे उंच शॉकअप घालायची सवय आहे. त्याने चाक खाली लोंबते आणि मूळ स्टँड आखूड पडतो. इथे दोष स्टँडचा नसतो.

ओझ्यावरून एक गोष्ट सांगणे भाग आहे. जुन्या काळी दूधवाल्यांकडे राजदूत असे, कोणाकडे बुलेट. त्या गाड्या जड, त्यांचे स्टँडही जाड. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 साली स्प्लेंडर आली. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या घरोघर गेल्या, ते चांगलेच झाले. पण हलक्या गाडीचा स्टँड हलक्या गाडीपुरताच असतो, आणि आपण मात्र ओझे राजदूतचे टाकतो. गोणी गाडीवर ठेवूनच स्टँडवर घ्यायची आणि वर आणखी दोघांनी बसून गप्पा मारायच्या, हे कोणत्याच स्टँडला मानवत नाही. गोणी आधी उतरवावी.

आता काम. नवा स्टँड आपल्या गाडीचे नाव व वर्ष सांगूनच घ्यावा. जुना सोबत नेऊन शेजारी ठेवून मापला तर उत्तम. त्याबरोबर नवी स्प्रिंग आणि नवी स्प्लिट पिन घ्या, जुनी पिन सरळ करून परत घालू नका. ज्या गाडीच्या फ्रेमला स्टँडचे कान कंपनीनेच दिलेले नाहीत, तिला गावात वेल्डिंग करून कान लावू नयेत. फ्रेमचा नळ तापला की तेथे कमजोर होतो.

सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. गाडी पक्क्या जागी साइड स्टँडवर लावा, पहिला गिअर टाका, पुढच्या चाकाला दोन्हीकडून विटा द्या. आम्ही एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. मागचा कॅरिअर निंबाच्या फांदीला किंवा गोठ्याच्या वाशाला दोराने बांधून घ्यावा, म्हणजे खाली हात घातल्यावर गाडी अंगावर येत नाही. मग जुनी स्प्रिंग काढा. त्यानंतर आसाच्या टोकाची पिन व वायसर काढून दांडा ठोकून बाहेर घ्या. ठोकताना मध्ये लाकूड किंवा पितळेचा तुकडा धरावा. काही गाड्यांत एकच लांब दांडा आरपार असतो, काहींत दोन बाजूंना दोन बोल्ट. कुठे मागच्या ब्रेकचे पायडलही त्याच दांड्यावर असते, तेव्हा ब्रेकची सळई सुटी करावी लागते. काढण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन ठेवा, बसवताना वाद राहत नाही.

दांडा डिझेलने धुऊन बोट फिरवून पाहा. खाच लागली तर दांडा बदला. बुश खाल्ला असेल तर लेथवाल्याकडून नवा बसवून घ्या. कान्हीकोपऱ्यातली माती खरडून काढा. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते, आणि बरेचदा स्टँड अडकतो तो तिच्यामुळेच. भरपूर ग्रीस लावून दांडा घाला, वायसर, पिन, आणि पिनेची दोन्ही टोके वळवा. आता स्प्रिंगशिवाय स्टँड हाताने सहज खालीवर झाला पाहिजे, पण डावी-उजवीकडे डुलता कामा नये. ही परीक्षा होईपर्यंत स्प्रिंगला हात लावू नका.

स्प्रिंग बसवणे हाच खरा त्रासाचा भाग आहे. पक्कडीने ओढणारे बहुतेक जण बोट सोलून घेतात. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी : स्प्रिंग शिकंज्यात धरून एका बाजूला वाकवा, उघडलेल्या प्रत्येक फटीत एक-एक नाणे किंवा पातळ वायसर सरकवा. मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडच्या फटींत घाला. स्प्रिंग आपोआप लांब होते. स्टँड हाताने फिरवून दोन्ही आकड्यांमधले अंतर सर्वांत कमी कुठे होते ते पाहा, तेथे धरून स्प्रिंग अडकवा. नंतर स्टँड खाली केला की नाणी आपसूक गळून पडतात. ती मोजून घ्या, एक जरी आत राहिले तरी स्प्रिंग नीट मिटत नाही. नाणी नसतील तर मजबूत दोरीचा फास आकड्याला टाकून, दोरी पान्याच्या दांड्याला गुंडाळून ओढावी. दोन्ही प्रकारांत तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. आत-बाहेर अशा दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही बसवा. एकीवर चालते असे सांगणारे भेटतील, पण दुसरी तुटल्यावर आधार राहावा म्हणूनच ती दिलेली असते.

पाय झिजले असतील आणि बाकी स्टँड चांगला असेल तर तळाला लोखंडी पट्टी वेल्ड करून भागते. स्टँड गाडीवरून काढूनच वेल्डिंगला न्यावा. गाडीवरच ठिणग्या उडवल्या तर वर पेट्रोलची टाकी आहे, आणि आजच्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक भागही जळतात. दोन्ही पायांना सारखीच जाडी द्यावी आणि पट्टी थोडी रुंद घ्यावी, म्हणजे मातीत रुतत नाही. तरी पावसाळ्यात वावरात उभी करताना पायांखाली फळीचा तुकडा टाकावाच.

आता तपासणी. स्टँड वर असताना रबराच्या बफरला टेकला पाहिजे, सायलेन्सरला किंवा चेनला नाही. सीटवर दोघांनी बसून गाडी दाबावी, चेन कुठे घासते का ऐकावे. गाडी डावी-उजवीकडे कलवून पाहावी. मग पायाने स्टँड अर्धा खाली करून सोडावा, तो झटक्यात वर गेला पाहिजे. ब्रेक सुटा केला असेल तर पायडलचा खेळ आणि मागचा दिवा दोन्ही पाहून मगच रस्त्यावर निघावे.

गाडी चढवताना हँडल सरळ, डावा हात हँडलला, उजवा हात सीटमागच्या दांडीला. पायपट्टी दाबून आधी दोन्ही पाय जमिनीला टेकले का ते अंदाजून घ्या, मग अंगाचे वजन पायावर टाका. ब्रेक दाबू नका, गाडीला थोडे मागे जायचे असते. हे जमले की घरातल्या बाया आणि म्हातारे यांनाही गाडी चढवता येते, कंबर धरत नाही. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, कारण ती स्टँडवरून उतरते ती पुढेच.

डबल स्टँड नीट असला की चेन घरी जुळवता येते, ऑइल बरोबर मोजता येते, पंक्चर काढायला दुसरा माणूस लागत नाही. मात्र इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडके धरण्याची पद्धत गावोगावी दिसते ती बंद करा. फडके दातऱ्यात ओढले जाते आणि त्यामागे बोटे जातात. चाक हाताने फिरवूनच चेन पुसावी व तेल द्यावे, आणि त्या वेळी लहान लेकरे जवळ नसावीत.

नवा स्टँड बसवल्यावर आठवडाभराने बोल्ट पुन्हा आवळा, पिन पाहा, ग्रीस लावा. पुढे दर पावसाळ्यानंतर, तोडणीची धावपळ सुरू होण्याआधी, एकदा एवढेच करावे. स्प्रिंगच्या आकड्याजवळ बारीक चीर दिसली तर ती तुटण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी बदलावी.