वऱ्हाडातून विलायतेला : कादंबरी लिहू पाहणाऱ्या भाचीस

अमरावती



इंग्रजी अमदानीत समुद्र ओलांडून गेलेल्या तरुणीवर मराठीत कादंबरी लिहायची म्हटली की पहिली गाठ आनंदीबाई जोशी यांच्याशी पडते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पती गोपाळराव मागे राहिले; सोबतीला मिशनरी बायका होत्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या, त्या वेळी त्यांना बाविसावेही पुरे झाले नव्हते.

या आयुष्यावर श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ पासून उभी आहे. नवरा-बायकोच्या नात्याचा तिचा पीळ इतका घट्ट आहे, की पुढच्या लेखकाची आनंदी नकळत त्याच आनंदीसारखी बोलू लागते. खऱ्या व्यक्तीच्या तोंडी काल्पनिक वाक्ये घालण्याची जबाबदारीही मोठी असते. त्यापेक्षा नायिका सर्वस्वी कल्पित घ्यावी, वऱ्हाडातली घ्यावी आणि आनंदीबाई, रमाबाई यांना तिच्या कानावर आलेल्या बातमीइतकेच स्थान द्यावे. बातमी वऱ्हाडातल्या अकोल्याला पोचत होतीच. ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता आणि त्याचे पहिले संपादक आगरकर अकोल्याच्याच शाळेत शिकलेले होते.

वऱ्हाडची नायिका घेतली की तपशिलांची खरी परीक्षा सुरू होते. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, मालकी मात्र कागदोपत्री निजामाची. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणून १८८३ ची अकोलेकरीण मध्य प्रांतातली म्हणून दाखवता येत नाही. रेल्वे त्याआधीच आली होती. भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ च्या सुमारास पुरा झाला. अकोला या मार्गावरच आहे, अमरावतीकराला मात्र बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे. अचलपूरच्या मुलीला दमणीतून स्टेशन गाठणे भाग होते, कारण अचलपूरला जाणारी शकुंतला गाडी विसाव्या शतकातली. सर्वांत जास्त घोटाळा कलकत्त्याच्या वाटेवर होतो. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा सलग मार्ग १८९१ मध्ये खुला झाला. त्याआधी कलकत्ता गाठायचे तर उलटे भुसावळला येऊन इटारसी, जबलपूर, अलाहाबाद असा वळसा पडे. साहजिकच वऱ्हाडच्या मुलीला मुंबईच सोयीची. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर तिथून विलायत बरीच जवळ आली होती. तिच्या हाती पारपत्र देऊ नये. पहिल्या महायुद्धापर्यंत त्याची सरसकट सक्ती नव्हती. हल्लीच्या वाचकाला हे चुकल्यासारखे वाटेल, वाटू द्यावे.

अडथळा कागदांचा नव्हता, घरचा आणि जातीचा होता. समुद्रगमन म्हणजे धर्म बुडाला, परतल्यावर प्रायश्चित्त, नाहीतर पंगतीतून बाहेर. आनंदीबाईंनी निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत इंग्रजीतून या आक्षेपांना उत्तरे दिली होती. बहुतेक कादंबऱ्या इथे गावच्या शास्त्रीबोवांना खलनायक करून मोकळ्या होतात. नायिकेच्या आईची भीती अधिक खोल असते: पाठची बहीण उजवायची कशी? असा प्रश्न घरात आला की संवाद आपोआप खरे होतात.

ते संवाद वऱ्हाडीत असावेत, पण सगळ्यांचे सारखे नकोत. घरातल्या आजीच्या तोंडी ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ शोभते. शिकलेली मुलगी पत्र लिहिताना पुण्याची छापील भाषा वापरील. पानोपानी बोली ओतली की ती विनोदाकडे झुकते आणि बोलणारी माणसे लहान होतात.

परदेशातल्या भागासाठी सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे तिकडे गेलेल्या बायकांनी स्वतः लिहिलेले. रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक १८८९ मध्ये आले. ते प्रवासवर्णन असूनही तिथल्या संस्था, शाळा आणि स्त्रियांच्या संघटनांचा हिशेब मांडते. पुढे विधवा पार्वतीबाई आठवले अमेरिकेला जाऊन आल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची. इंग्रजीचा अडसर आणि पैशाची चणचण कळायला ती जास्त उपयोगी. आनंदीबाईंचे १८८५ मधले एक छायाचित्रही नीट पाहावे. त्यात त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आहेत, तिघीही आपापल्या देशी पोशाखात. परदेशात हिंदी मुलगी फक्त गोऱ्यांमध्ये वावरते, ही कादंबऱ्यांची सवय या एका चित्राने मोडते. वऱ्हाडची नायिका घेतली तर तिचीही अशी एखादी परदेशी मैत्रीण असावी, आणि दोघींची मोडकी इंग्रजी त्यांना पुरेशी असावी.