झिनियाची घाई

मागच्या हिवाळ्यात सहावीच्या मुलांनी झिनियाची ४० रोपे वाढवली आणि त्यांतली ३१ मेली. मुलांनी कारण विचारले, एका विश्वस्तांनीही विचारले. या अंकातला विज्ञानाचा पाठ म्हणजे त्याचेच उत्तर. चूक मुलांची नव्हती, आमची होती.

गुढीपाडव्याला शाळेच्या दारात फुले असावीत अशी आमची इच्छा. पेरल्यापासून फूल येईपर्यंत झिनियाला साधारण दोन-सव्वादोन महिने लागतात. आम्ही वर आणखी महिनाभर हाताशी धरला आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच दह्याच्या रिकाम्या कपांत बी पेरायला लावले. कप वर्गाच्या उत्तरेकडील खिडकीत ठेवले. थंडीपासून आडोसा मिळाला, बाकी काहीच मिळाले नाही.

या बियांना २० ते २५ अंश उष्णता मिळाली तर आठवड्याच्या आत अंकुर दिसतो. आमच्या गारठलेल्या वर्गात दोन आठवडे लागले. तोवर मुले रोज प्रेमाने पाणी घालत राहिली. थंड आणि सतत ओल्या मातीत बुरशी वाढते व कोवळे देठ जमिनीलगत सडून रोप आडवे होते. तशी काही गेली. उरलेली रोपे उंच झाली म्हणून आम्ही खूश! पण ती उंची भुकेची होती. ग्वाल्हेरला त्या दिवसांत दिवस जेमतेम साडेदहा तासांचा, त्यात उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही. प्रकाश कमी पडला की रोप सगळे बळ देठ लांबवण्यात घालते; पाने लहान, फिकट राहतात.

कप अपुरे पडू लागले तेव्हा जानेवारीच्या अखेरीस रोपे वाफ्यात लावली. तिसऱ्याच दिवशी फळ्यावर आम्ही लिहिले, ‘आज पाला पडेल, रोपे झाका.’ आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. साताऱ्याहून नव्याने आलेल्या बाईंनी ते वाचून अंगण झाडायला माणूस बोलावला! मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. आम्हाला म्हणायचे होते गोठलेले दव, दहिवर. रोपे उघडीच राहिली.

वर्तमानपत्रात त्या रात्रीचे तापमान ४ अंश होते. मग दव गोठले कसे? वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, पेटीत असतो. आकाश निरभ्र व वारा पडलेला असेल तर जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि तिच्यालगतची हवा त्याहून तीन-चार अंश, कधी अधिकही, थंड होते. ढग असते तर त्यांनी ती उष्णता काही अंशी परत दिली असती. पानात बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत होतो, तो पेशींतले पाणी ओढून घेतो आणि पेशींची पटले फाटतात. म्हणून सकाळी पाने उकडलेल्या पालकासारखी दिसली. एक मुलगी कप घेऊन बराच वेळ वाफ्याशी बसून होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनेच घरून आणलेले बी पुन्हा पेरले, या वेळी दक्षिणेच्या उन्हात. ती रोपे महिन्याभरात वाचलेल्या नऊ रोपांच्या पुढे गेली. पाडव्याला मात्र झेंडूवरच भागवावे लागले.

आमचे गणित सणापासून सुरू झाले, ते वाफ्यापासून व्हायला हवे होते. आपल्याकडे १५ फेब्रुवारीनंतर वाफा बहुधा निर्धोक असतो. झिनियाला कपात चार आठवडे पुरतात, म्हणजे पेरणी १८ जानेवारीच्या सुमारास. सूर्यफुलाला कप नकोच, ते थेट जमिनीत.

सहावी व सातवीच्या मुलांनी १८ जानेवारीला तळाला भोके पाडलेले दोन-दोन कप आणावेत. पालकांकडे जुनी चादर किंवा पोती असल्यास द्यावीत, रात्री वाफा झाकायला लागतील. पाणी कोणी किती घालायचे हे त्या मुलीला विचारावे.