‘दुखत नाही’ म्हणजे बरं आहे, असं नव्हे

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाला तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालताना दुखतं का? मलाही तो दर खेपेला विचारला गेला आणि माझं ‘नाही’ हे उत्तर अगदी खरं होतं. फाइलवर ‘त्रास नाही’ अशी नोंद व्हायची आणि पुढची तारीख मिळायची. पण मला दुखत नव्हतं, कारण मी चालणंच सोडलं होतं. हे नोंदवायला त्या फाइलमध्ये जागा नव्हती. हा आजार असणाऱ्या प्रत्येकाने आणि त्यांच्या घरच्यांनी एवढी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणून हे लिहिते आहे.

मी सांगलीची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मधुमेह जुना. सकाळी आयर्विन पूल ओलांडून सांगलवाडीपर्यंत जाऊन यायचा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. मग उजव्या पोटरीत वांब येऊ लागले. चालताना पोटरी आवळल्यासारखी व्हायची, जरा उभं राहिलं की सुटायची, पुन्हा चाललं की तितक्याच अंतरावर परत आवळायची. वय झालेल्या बाईचं दुखणं म्हणून आधी गुडघ्याची औषधं झाली, मग कमरेचा पट्टा झाला. कमरेच्या मणक्यात नस दबली असेल, तर बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. रक्तपुरवठ्याचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. हा फरक मला पुष्कळ उशिरा कळला. शेवटी एका डॉक्टरांनी पावलाची नाडी बोटांनी चाचपून पाहिली आणि मला मिरजेला पाठवलं.

तिथे दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढलं. त्याला एबीआय म्हणतात. निरोगी माणसात ते 1.00 ते 1.40 असतं. 0.90 किंवा त्याखाली गेलं, तर पायाच्या धमन्यांचा आजार आहे असं मानतात. माझं 0.61 होतं. मधुमेहींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या धमन्या कडक होऊन पट्ट्याने दबत नाहीत, त्यामुळे आकडा खोटाच चांगला दिसू शकतो. लक्षणं असूनही तो निरोगी माणसाइतका किंवा 1.40 च्या वर आला, तर पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजता येईल का, हे विचारावं.

औषधं सुरू झाली, आणि दुसरीकडे माझं जग आक्रसत गेलं. आधी पूल सुटला, मग मंडई. भाजी दारावर घेऊ लागले. गच्चीवर वाळवण घालणं सुनेकडे गेलं. लग्नाकार्यात सगळ्यांबरोबर चालता येत नाही, मध्येच दुकानासमोर काहीतरी बघत असल्यासारखं थांबावं लागतं, म्हणून जाणंच टाळू लागले. पुढे पाय काढावा लागेल का, ही धास्ती रात्री झोपू देत नसे. यातलं काहीच ‘दुखतं का?’ या प्रश्नात मावत नव्हतं.

हे माझ्या एकटीचं नाही. शिकागोच्या मेरी मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली दाखवून दिलं की, हा आजार असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांनाच चालल्यावर पोटरी दुखण्याचं पुस्तकातलं लक्षण असतं. बाकीच्यांचं दुखणं वेगळ्या तऱ्हेचं असतं, आणि काहींना श्रमाने दुखतच नाही. पण न दुखणाऱ्यांचीही चालण्याची ताकद घटलेली असू शकते. वेदना टाळायला माणूस नकळत कमी चालतो, सावकाश चालतो आणि मग म्हणतो, मला काही होत नाही.

माझं खरं मोजमाप झालं ते एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. तिने माझ्यासमोर सहा प्रश्नांचा कागद ठेवला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये ‘व्हॅस्क्यूक्वॉल’ नावाची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना, लक्षणं, हालचाल, मनाची अवस्था आणि लोकांतलं वावरणं असे तिचे पाच भाग आहेत. त्यातून पुढे ही सहा प्रश्नांची आवृत्ती निघाली. पायातल्या अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे कोणती कामं अडतात, पाय थकल्यासारखे वाटतात का, चालणं किती घटलं, काळजी किती वाटते, लोकांत मिसळणं कमी झालं का, दुखण्याचा जाच किती, एवढंच ती विचारते. एकूण गुण 6 ते 24, जितके जास्त तितकं जगणं मोकळं. माझे आले 11. ‘त्रास नाही’ अशी नोंद असलेल्या बाईचे! त्या आकड्यावर उपचारांची चर्चा पहिल्यांदा नीट झाली.

ठरलं ते देखरेखीखाली चालणं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी तीस ते पंचेचाळीस मिनिटं, निदान बारा आठवडे. दुखणं मध्यम होईपर्यंत चालायचं, पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. शेवटी माझे गुण 18 झाले आणि मी पुन्हा मंडईत जाऊ लागले. एबीआय मात्र 0.64, जवळजवळ होता तिथेच. यात नवल नाही. चालण्याच्या व्यायामाने स्नायू मिळेल तेवढं रक्त अधिक चांगलं वापरायला शिकतात, घोट्याचा दाब फारसा बदलत नाही. नुसतं यंत्राकडे पाहिलं असतं, तर माझा उपचार फुकट गेला असंच कुणी म्हटलं असतं.

उलटही घडतं. अमेरिकेतल्या ‘क्लेव्हर’ नावाच्या अभ्यासात पोट आणि कंबरेतल्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांपैकी काहींना देखरेखीखाली व्यायाम दिला, काहींना स्टेंट बसवला. 2012 मध्ये सहा महिन्यांचे निष्कर्ष छापून आले. ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ सर्वांत जास्त वाढला तो व्यायामाच्या गटाचा. स्वतःच्या जगण्याबद्दल रुग्णांनी जे सांगितलं, त्यात मात्र स्टेंटचा गट सरस ठरला. पाय किती चालतो आणि माणूस कसा जगतो, ही दोन मापं वेगळी आहेत. उपचार ठरवताना दोन्ही लागतात.

म्हणून माझ्यासारख्यांना काही गोष्टी कळकळीने सांगते.

उपचार सुरू होण्याआधी मोजून घ्या. आधीचा आकडा नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. नंतर तीच प्रश्नावली पुन्हा भरा; दर वेळी नवी घेतली, तर तुलना होत नाही.

प्रश्नावली स्वतः भरा. मुलगा किंवा सून शेजारी असली, की आपण त्यांना वाईट वाटू नये म्हणून ‘बरं आहे’ म्हणतो. वाचता येत नसेल, तर घराबाहेरच्या कुणाकडून प्रश्न वाचून घ्या.

अंतर आपल्या गावातल्या खुणांनी सांगा. चालण्याच्या काही परदेशी प्रश्नावल्या फूट आणि चौक मोजतात. त्यापेक्षा घरापासून देवळापर्यंत न थांबता जाता येतं का, जिन्याच्या किती पायऱ्या चढता येतात, हे डॉक्टरांना लवकर कळतं.

काय दुखतं यापेक्षा काय सोडलं, याची यादी करा. बाजार, गच्ची, हळदीकुंकू, नातवाला शाळेत सोडणं, जे जे सुटलं ते लिहा आणि तपासणीला जाताना कागद बरोबर न्या.

गुडघे, कंबर, हृदय, धाप यांचाही त्रास असेल तर तसं सांगा. ‘एसएफ-36’ किंवा ‘ईक्यू-5डी’सारख्या सर्वसाधारण प्रश्नावलीत हे सगळं एकत्र मिसळतं. पायाच्या रक्तपुरवठ्यासाठीच बनवलेली प्रश्नावली मागून घ्या.

आणि कोणतीही प्रश्नावली भरत बसू नये, अशाही वेळा असतात. रात्री आडवं पडल्यावर पाऊल ठणकतं आणि खाटेखाली लोंबतं सोडल्यावरच बरं वाटतं, जखम भरत नाही, बोट काळं पडतं, तर लगेच रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जा. पाय अचानक गार, पांढरा किंवा बधिर झाला, हलवता येईना, तर काही तासांतच उपचार व्हावे लागतात. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असते, तेव्हा दुखण्याची वाट न पाहता पावलं रोज पाहा. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सोडा. व्यायामही डॉक्टरांनी पाय पाहून हो म्हटल्यावरच सुरू करा.

डॉक्टरांनाही एक विनंती. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी मला दिसते. पण सहा प्रश्न भरायला फार वेळ लागत नाही, आणि रुग्ण ते बाहेरच्या बाकावर बसून भरू शकतो. ‘दुखतं का?’ असं विचारलंत, की पाठोपाठ ‘हल्ली कुठे जायचं सोडलंत?’ हेही विचारा. आमचं खरं उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नाला मिळतं, आणि उपचार त्यावरून ठरायला हवेत.