मन खंबीर ठेवलं की डायलिसिसचा रुग्ण जास्त जगतो?

प्रश्न : माझे मामा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "हिंमत धरा, मन खंबीर ठेवा." मनाचा आणि या आजारात माणूस किती जगतो याचा खरंच संबंध असतो का?

उत्तर : असतो, पण आधी थोडा हिशेब करू. निरोगी किडन्या आठवड्याचे सगळे 168 तास काम करतात. चार-चार तासांच्या तीन खेपा धरल्या, तर मामांच्या वाट्याला यंत्राचे 12 तास येतात. उरलेल्या वेळात अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत राहतं. पाणी फुफ्फुसांत उतरलं की धाप लागते. पोटॅशियम फार चढलं तर हृदय बंदही पडू शकतं. आजाऱ्याला प्रेमाने आणलेलं शहाळं इथे जिवावर बेतू शकतं ते त्यातल्या पोटॅशियममुळेच. म्हणजे यंत्र थांबलं की पुढची राखण रुग्णाकडे येते, आणि मनाचा संबंध इथूनच सुरू होतो.

असा आजार झाला की कुणी जे करायचं ते समजून घेऊन कामाला लागतो, कुणी दुःखात बुडतो आणि कुणी तिकडे बघायचंच टाळतो. हा तिसरा लोकांना फार धीराचा वाटतो. "मला काही झालेलं नाही," म्हणत तो लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवतो आणि एखादी खेप चुकवतो. किडन्या निकामी झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. आजार टाळण्याकडे ज्यांचा कल जास्त, त्यांना मृत्यूचा धोकाही जास्त, असं त्यात आढळलं. एवढ्यावरून टाळल्यामुळेच मृत्यू आला, असं ठरत नाही. पण खेपा चुकवणं घातक असतं, याबद्दल डॉक्टरांच्या मनात शंका नाही.

आजाराला सामोरं जाणं दिसायला अगदी साधं असतं. सकाळी चहाआधी वजनकाट्यावर उभं राहायचं. डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेल्या फिस्टुलावर बोटं टेकवून आतली थरथर लागते का ते बघायचं, आणि ती थांबली असेल तर तडक डायलिसिस केंद्राला फोन करायचा. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचं. रात्री रडून सकाळी वेळेवर खेपेला जाणारा माणूस हे सगळं नीट करतोच आहे. त्याला खचलेला म्हणू नये.

नैराश्याची गोष्ट वेगळी. थकवा, झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं ही लक्षणं किडनीच्या आजारातही दिसतात, त्यामुळे नैराश्य सहज नजरेतून सुटतं. त्यावर उपचार आहेत. मामा गप्प गप्प राहू लागले असतील, तर किडनीच्या डॉक्टरांना ते आपणहून सांगा. आणि कुणी गेल्यावर "मनच खचलं होतं हो त्यांचं" असं बोलणं घरच्यांवर अन्याय करणारं आहे. नेटाने सगळं पाळणारेही या आजारात जातात.

मामांना भेटाल तेव्हा हिंमतीचं बोलू नका. आज वजन किती भरलं ते विचारा, आणि जमलं तर पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत जा.